घरातलं वीजबिल खरंच कशाने कमी झालं? अनुभव लिहा

लाइट बंद करा, पंखा बंद करा हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत नको. तुमच्या घरात नेमकं काय केल्यावर फरक पडला ते सांगा. आणि प्लीज पैशात सांगू नका, दर सगळीकडे वेगळे असतात, युनिटमध्ये सांगा म्हणजे तुलना करता येईल.

माझ्यापासून सुरुवात करतो. एक प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि घरभर फिरवला. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १२ वॅट घेत होता, आणि चालू असताना? जवळपास तेवढेच! म्हणजे रिमोटचं बटण फक्त समोरचा दिवा बदलतं. १२ वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण दिवसाचे २४ तास धरले की महिन्याला साडेआठ युनिट होतात, कोणी काही न बघता. आता भिंतीवरचं बटण बंद करतो. याउलट मोबाइलचा रिकामा चार्जर लावून ठेवला तर मीटरवर शून्यच दिसलं, त्यावरून आमच्याकडे होणारी भांडणं बंद.

* * *

गीझर. बाकी सगळं नंतर. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, आणि ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळला की कुठे एक युनिट होतो. घरात मुलं बाथरूमचा दिवा विसरली की हे ओरडतात आणि स्वतः गीझर लावून पेपर वाचत बसतात, अहो काय बोलायचं!

मी दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ लावल्या, म्हणजे तापलेलं पाणी तसंच थंड होत पडत नाही. दुसरं, गरम पाण्याच्या नळाला बारीक गळती होती, थेंब थेंबच, त्यामुळे दुर्लक्ष होत होतं, पण जाणारा थेंब तापवलेला होता ना. वॉशर बदलला. गीझरचा लाल दिवा आधी अधूनमधून आपोआप लागायचा त्याचं कारण तेच होतं.

* * *

वरच्या ताई, गीझर दिवसभर चालूच ठेवला तर उलट कमी वीज लागते असं आमच्या ओळखीतले एक इंजिनिअर सांगतात. थर्मोस्टॅट असतो, पाणी गरमच असतं, मग परत परत तापवावं लागत नाही वगैरे. खरं का?

* * *

नाही हो. मी वायरिंगचं काम करत आलोय, आता रिटायर आहे, मला हा प्रश्न प्रत्येक घरात विचारलाय लोकांनी. पाणी जितका वेळ गरम राहील तितका वेळ त्याची उष्णता टाकीतून बाहेर जात राहणार, इन्सुलेशन कितीही चांगलं असो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो, तो कुठल्याही गीझरला लागणारच, त्यात कंपनी काही करू शकत नाही. वाचतं ते फक्त त्यावरचं. म्हणून लागेल तेव्हा लावा, वापरा, बंद करा. पण सारखं कोमट पाणी टाकीत साठवून ठेवायची कंजुषी करू नका, त्यात जंतू वाढतात.

आता आलोच आहे तर अजून दोन गोष्टी. तो प्लगमध्ये लावायचा 'वीज वाचवणारा' डबा मिळतो ना, हिरवा दिवा लागणारा, तो घेऊ नका. मी दोनचार उघडून पाहिलेत. आत एक कपॅसिटर आणि दिव्याचं सर्किट, बस्स. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरंच कामी येते ते प्रमाण, सुधारतो हे खरं, कारखान्यात त्याचा उपयोगही होतो, पण घरगुती बिल साधारणपणे किलोवॅट तासांवर, म्हणजेच युनिटवर असतं आणि ते त्याने कमी होत नाहीत.

दुसरं, मीटर वाचायला शिका. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, शेजारी एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं सगळं बंद करून बघा. तरी लुकलुकतोय? मग कुठेतरी काहीतरी चालू आहे नाहीतर लीकेज आहे, मेन बोर्डावरचा एकेक एमसीबी (खटक्याचा स्विच) पाडत जा, सापडतं. मिनिटाला १० वेळा लुकलुकला तर तासाला ६००, म्हणजे साधारण १८८ वॅट चालू आहेत. यंत्र विकत घ्यायला नको.

* * *

काका भारी! हे आत्ताच करून आले. सगळं बंद केलं आणि तरी लुकलुकत होता, शोधत शोधत गेले तर माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीचं लेव्हल कंट्रोलर आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की ती भरतच राहते, भरतच राहते, हे माहीत नव्हतं.

आमचा खरा फरक फ्रिजमुळे पडला. भिंतीला अगदी चिकटवून ठेवला होता, मागची जाळी धुळीने भरलेली. फ्रिज आतली उष्णता काढून मागून बाहेर टाकतो, तिला जायला जागाच नाही तर कॉम्प्रेसर थांबणार कधी? पुढे ओढला, प्लग काढून ब्रशने जाळी साफ केली. मग दाराच्या रबराची टेस्ट: कागद दारात धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. खालच्या कोपऱ्यात तो अगदी अलगद सुटून आला, बाकी ठिकाणी घट्ट. रबर काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं, तो कोपरा हेअर ड्रायरने जरा गरम करून हाताने सरळ केला, आणि बसला परत. नवीन रबर लागलंच नाही. रात्री कॉम्प्रेसर बंद असल्याची शांतता आता कळते.

* * *

एसीवाल्यांसाठी: १६ वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही, मशीन तेवढ्याच जोरात चालतं, फक्त थांबत नाही. आम्ही २६-२७ वर ठेवतो आणि वर पंखा बारीक. शिवाय पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा होता तो असून नसल्यासारखा, कारण ऊन काचेतून आत आलं की उष्णता आतच राहते. बाहेरून चटईचा पडदा सोडला तेव्हा संध्याकाळी भिंतीला हात लावला तरी फरक कळला. सगळ्यात जास्त वीज या चटईने वाचवली असं माझं मत, बाकी जाळी धुणं वगैरे आहेच.

* * *

बीएलडीसी पंखे (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, कमी वीज घेणारे) घ्या, डोळे झाकून. जुना ७५ वॅट, नवा फुल स्पीडला ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट. फक्त रिमोट सांभाळा, आमच्याकडे तो सोफ्याच्या फटीतच राहतो. आणि बिघडला तर आतलं सर्किट बदलावं लागतं, कोपऱ्यावरचा मेकॅनिक कंडेन्सर बदलून देईल अशी आशा ठेवू नका.

* * *

सगळ्यांच्या टिप्स छान पण थोडं वेगळं लिहिते. आमच्याकडे बाबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) लागतो, साधारण ३०० वॅट, चोवीस तास. दिवसाचे ७ युनिट तिथेच गेले, त्यात काटकसर करायचीच नाही. पण बाबा बिल आलं की मशीन थोडा वेळ बंद करू का विचारायचे. म्हणून बाकीचं घर धुंडाळलं. वॉशिंग मशीनमध्ये पाणी तापवायचं बंद, थंड पाण्यातच कपडे, आणि वाळवायला दोरी. इस्त्री आठवड्यातून एकदाच, एकदम. बिल उतरलं ते फार नाही, पण बाबांना कागद दाखवता येतो, मग ते मशीनचा विषय काढत नाहीत.

* * *

ताई, बाबांना नमस्कार सांगा. मशीनला बॅकअप आहे ना, की वीज गेली तर सिलिंडर ठेवता?

आणि धागाकर्ते, एक प्रश्न माझाही. हीट पंपवाला गीझर कोणी घरात बसवलाय का? हवेतली उष्णता ओढून घेतो म्हणून साध्याच्या निम्म्याहून कमी वीज लागते हे समजतं, पण आमची बाथरूम बेडरूमला लागून आहे. पंख्याचा आवाज किती येतो ते वापरणाऱ्यानेच सांगा, विकणाऱ्याला विचारून झालंय.