फ्रिज वापरताना काय घडलं, काय कळलं? (अनुभव धागा)

घरात लागोपाठ दोघांना डेंगी झाला. कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घातल्या, टाकी रिकामी करून घासली, बादल्या कोरड्या ठेवू लागलो, तरी दिवसा चावणारे डास काही हटेनात. एकदा मागे पडलेलं झाकण काढायला म्हणून फ्रिज पुढे ओढला आणि कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेकडे लक्ष गेलं. बोटभर पाणी, त्यावर धुळीची साय, आणि टॉर्चचा उजेड पडताच वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या. अंगावर काटा आला.

हा ट्रे कशासाठी असतो ते त्या दिवशी नीट समजून घेतलं. आतला बर्फ आपोआप वितळतो, ते पाणी नळीतून या ट्रेमध्ये येतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. हवा दमट असली, दार सारखं उघडत राहिलं की येणारं पाणी जास्त आणि उडणारं कमी. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात, म्हणून आता दर आठवड्याला प्लग काढून ट्रे रिकामा करतो आणि घासून पुसतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, ट्रेच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही बरेच दिवस तग धरतात.

फ्रिजच्या आत काय ठेवायचं याचा विचार आपण रोज करतो. मागे, खाली, वायरीत काय चाललंय हे मात्र काहीतरी घडल्यावरच बघतो. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. काय झालं, कारण काय निघालं, नंतर तुम्ही काय बदललंत. कुठली कंपनी चांगली हा विषय इथे नको.

*

माझा अनुभव सुरीचा आहे. आमचा एका दाराचा फ्रिज होता, वर बर्फाचा कप्पा. महिनोन्‌महिने डीफ्रॉस्ट न केल्यामुळे त्यात इतका बर्फ धरला होता की ट्रे निघेना. पाहुणे यायचे होते, थांबायला वेळ नव्हता. मी बटाटे सोलायची टोकदार सुरी घेतली आणि ट्रेच्या कडेने बर्फ फोडायला लागले. तिसऱ्या-चौथ्या घावाला ‘फुस्स’ असा आवाज आला, कुकरची वाफ सुटते तसा, पण बारीक. पाच-सात सेकंद चालला आणि थांबला. बर्फाखाली हवा अडकली असेल असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत फ्रिज कोमट झाला होता.

मेकॅनिकने मला तो कप्पा जवळून दाखवला. त्याचा पत्रा म्हणजे नुसता पत्रा नसतो. दोन थर एकमेकांवर दाबून त्यांच्यामध्ये गॅस फिरायच्या नागमोडी वाटा सोडलेल्या असतात. त्या फुगीर रेषा मी रोज पाहत होते, नक्षी समजत होते! माझी सुरी बरोबर त्यातल्या एका रेषेवर टोचली होती. भोक टाचणीच्या टोकाएवढं.

पुढचं त्याने सांगितलं ते ऐकून मात्र हातपाय गार पडले. फ्रिजच्या मागच्या लेबलवर आर-६००ए लिहिलेलं होतं. हा आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या कुटुंबातलाच, पेट घेणारा. घरगुती फ्रिजमध्ये तो जेमतेम काही ग्रॅम असतो, फार तर १५०, पण हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मी त्या वेळी शेजारीच दूध तापत ठेवलं होतं. असा आवाज आलाच तर आधी जवळची शेगडी बंद करायची, खिडक्या-दारं उघडायची, आसपासचं एकही बटण चालू-बंद करायचं नाही, फ्रिजचा प्लगही ओढायचा नाही. खोलीबाहेरचा मेन स्विच असेल तर तोच बंद करायचा.

*

वरचं वाचून सांगतो. आमच्याकडे बर्फाचा थर ५ मिलिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करतो. बटण बंद, प्लग काढलेला, दार सताड उघडं, कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं आणि खाली जुने टॉवेल. पातेल्याखाली एक फडकं घालतो. अर्ध्या तासात बर्फ हाताने सुटतो. केस वाळवायचं यंत्र कुणी कुणी वापरतात, पण पाणी गळत असताना हातात वीज धरणं मला पटत नाही.

*

आमच्या फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या. तेही फक्त पायात चप्पल नसताना, आणि फरशी नुकतीच पुसलेली असली की जास्तच. सासूबाई म्हणायच्या, “ओल्या हाताने उघडू नकोस,” आणि सगळ्यांनी तेवढाच नियम करून घेतला. चप्पल घालून फ्रिज उघडायचा. जवळजवळ वर्षभर आम्ही असं जगलो, हे आता लिहितानाही खरं वाटत नाही.

एके दिवशी मुलीने ओरडून हात मागे घेतला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावलं. टेस्टर दाराच्या बिजागरीला लावला तर दिवा लागला. कारणं दोन निघाली. मागे वायर जिथून आत जाते तिथे घासून तिचं आवरण गेलं होतं, ती पत्र्याला टेकत होती. आणि फ्रिजचा तीन पिनांचा प्लग आम्ही दोन पिनांच्या अॅडॅप्टरमधून लावला होता. अर्थिंगची पिन कुठे जोडलेलीच नव्हती. ती जोडलेली असती तर पत्र्यावर आलेली वीज जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडून आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता फ्रिजला स्वतःचं वेगळं सॉकेट आहे, अर्थिंग तपासून घेतलंय आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवली आहे. तिचं टेस्टचं बटण मी महिन्यातून एकदा दाबते. झिणझिण्या येत असतील तर कृपया चपलेवर भागवू नका. त्याच दिवशी प्लग काढा.

*

एक्स्टेंशन बोर्डबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. फ्रिज, मिक्सर आणि ओव्हन एकाच बोर्डवर होते. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढतो, तेही दिवसातून अनेकदा. बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झालेलं दिसलं, तेही वास आल्यामुळे. आता फ्रिज थेट भिंतीतल्या सॉकेटला.

*

बाबांना इन्सुलिन सुरू होतं. नवी पेनं फ्रिजमध्ये ठेवायची एवढं आम्हाला माहीत होतं, कुठे ठेवायची ते माहीत नव्हतं. मी ती मागच्या भिंतीला टेकवून, सगळ्यात थंड जागी ठेवली. औषधाला जितकं गार तितकं चांगलं, असा माझा समज.

नवं पेन सुरू केल्यावर साखर चढायला लागली. डोस तोच, जेवण तेच, चालणं तेच, तरी सकाळचे आकडे रोज वाढत होते. आम्ही बाबांवरच संशय घेतला, लपून काही खातात म्हणून. ते काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “पेन ठेवता कुठे?” घरी येऊन बघितलं तर उरलेल्या पेनांच्या खोक्याला मागच्या बाजूने बर्फाचे कण चिकटले होते. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते निकामी. पुन्हा वितळल्यावर दिसायला अगदी पूर्वीसारखं दिसू शकतं, तरी वापरायचं नाही. अख्खं खोकं टाकून द्यावं लागलं. बाबांची माफी मागितली.

त्यानंतर फ्रिजसाठी वेगळा थर्मामीटर आणला. तो नुसता टांगला तर दार उघडताच आकडा नाचतो, म्हणून पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवते आणि सकाळी वाचते. नॉबवरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे तापमान नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं. आता मधल्या फळीवर ४ अंश असतात आणि पेनं तिथेच, झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून लांब. दारातही ठेवत नाही. दाराचे कप्पे सगळ्यात ऊबदार असतात. (आमच्याकडे दूधही आता दारात नसतं.)

*

शिळ्या भाताने आमच्या घरातले चौघे एकाच रात्री आडवे झाले होते. भात रात्री केलेला, गरम आहे म्हणून ओट्यावरच झाकून ठेवला, सकाळी फ्रिजमध्ये गेला आणि दुपारी खदखदून गरम करून खाल्ला. इतका गरम केल्यावर काय होणार, असं वाटलं होतं.

भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फ्रिज वाढ मंदावतो, आधी झालेलं दुरुस्त करत नाही. म्हणून शिजवलेलं अन्न २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, फार उकाडा असेल तर तासाभरातच. मोठं पातेलं तसंच आत सरकवलं तर मधोमध ते कितीतरी वेळ गरम राहतं. मी पसरट, उथळ डब्यांत काढते, वाफ गेली की झाकण लावून ठेवते. डब्यांच्या मध्ये हवा फिरायला जागाही सोडते, नाहीतर मागच्या झरोक्यांतून येणारा गारवा पुढपर्यंत पोचत नाही.

कच्चं मांस सगळ्यात खाली, झाकून. त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकता कामा नये. एवढंच सांगायचं होतं.

*

गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी जाऊन गोठलेलं दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेली होती, फ्रीजरमधलं टाकून द्या. वीज गेल्यावर दार न उघडल्यास खालचा भाग साधारण ४ तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

*

मी गेली बरीच वर्षं फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, म्हणून चार गोष्टी.

‘फ्रिज गार करत नाही’ म्हणून बोलावणं येतं तेव्हा गॅस गेलेला असतोच असं नाही. पहिल्यांदा मी मागची किंवा खालची जाळी बघतो. आतली उष्णता बाहेर टाकायची जागा ती. तिच्यावर धुळीचं आणि केसांचं गोधडीएवढं जाड आवरण असतं, फ्रिज भिंतीला चिकटवलेला असतो, मग उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर बिचारा थांबतच नाही. मऊ ब्रशने झाडली की कितीतरी फ्रिज तासा-दोन तासांत सुधारतात. प्लग काढून, वर्षातून दोनदा, हे घरच्या घरी करा.

दुसरं बघतो ते दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज सरकत आली तर तिथून गारवा जातोय. बहुतेक वेळा रबर फाटलेलं नसतं, चिकट घाणीने कडक झालेलं असतं. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश, घडीघडीतून फिरवायचा.

भाज्यांच्या ट्रेखाली पाणी साचतं ही तक्रार तर रोजची. मागच्या भिंतीच्या तळाशी एक भोक असतं, त्यातून पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरतं. त्यात कोथिंबिरीचं पान नाहीतर कागदाचा बोळा अडकतो. कोमट पाणी सोडा, मऊ नळीने हलकेच मोकळं करा. तार खुपसू नका.

वीज गेली आणि लगेच आली तर फ्रिज पाचेक मिनिटं बंद ठेवा. आतल्या गॅसचा दाब समतोल व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसर ‘हम्म’ करून अडतो आणि ‘टिक’ होऊन ट्रिप होतो. हे वारंवार झालं की वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारांची गुंडाळी, जळतं. घर बदलताना फ्रिज आडवा नेला असेल तर उभा करून निदान काही तास, जमल्यास दिवसभर, थांबा. कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपांत गेलेलं असतं, ते खाली उतरू द्या.

*

हे लिहावं की नको असं झालं होतं.

माझ्या लहानपणी आमचा बंद पडलेला जुना फ्रिज गच्चीवर ठेवला होता. कड्याने बंद होणारा, खटकन बसणारा. लपाछपी खेळताना धाकटा भाऊ त्यात शिरला. राज्य माझ्यावर होतं. सगळे सापडले, तो सापडेना. मी हाका मारल्या, आतून काही ऐकू आलं नाही. फ्रिजच्या भिंती आवाजही अडवतात हे मला कसं माहीत असणार? आई वाळलेले कपडे काढायला वर आली, तिला फ्रिजच्या दारात अडकलेला त्याच्या सदऱ्याचा कोपरा दिसला. त्या कोपऱ्यामुळे दार पूर्ण बसलं नव्हतं. तो घामाने भिजलेला होता, ओठ निळसर, पण श्वास चालू होता.

अशा घटना इतक्या घडल्या की अमेरिकेत १९५६ साली कायदा करून फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असं ठरवलं गेलं. आताची चुंबकी रबराची दारं आतून ढकलून उघडतात, पण घाबरलेल्या, आत दुमडून बसलेल्या मुलाला ते जमेलच याची खात्री मी देणार नाही. जुना फ्रिज ठेवायचा असो वा द्यायचा, त्याचं दार आधी काढा. फळ्या मात्र आतच राहू द्या, म्हणजे आत शिरायला जागा उरत नाही.

*

धागा मीच काढलाय, तर कालचं लिहितो. आमचा आधीचा फ्रिज मागच्या व्हरांड्यात उभा आहे, ‘कधीतरी देऊन टाकू’ म्हणून. वरचा अनुभव वाचला आणि पान्हा घेऊन गेलो. वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजलेले होते, तेल सोडून थोडं थांबावं लागलं. दार उतरवून भिंतीला टेकवलं, पडू नये म्हणून दोरीने बांधलं. फळ्या परत आत बसवल्या. शेजारची छोटी तिथेच खेळत होती. तिने विचारलं, “काका, याचं दार कुठे गेलं?”