तीन पिढ्यांचा अबोला: तोडायचा कुठून?

लोकमान्यनगर_इंदूर
आजोबा, वडील आणि आता नववीतला मुलगा, तिघांची रीत एकच. वाद झाला की बोलणं बंद, चार दिवस, कधी आठ. समजावणं, रडणं, मोठ्यांना मध्ये घालणं, सगळं करून झालंय. ‘आमच्या घराण्याचा स्वभावच आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. नेमकं करायचं काय, आणि कोणी?

समुपदेशक_रामबाग
ताई, स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. अबोला मुलं घरात बघून शिकतात, आणि तो धडा बहुतेक वेळा जेवणाच्या वेळी मिळतो. आई लहानग्याला म्हणते, ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा चार फुटांवर असतात, त्यांनी ऐकलेलंही असतं. तरी मूल जातं, सांगतं आणि ‘हं’ घेऊन परत येतं. रागावलेल्या माणसाशी थेट बोलायचं नसतं, हे ते तिथेच शिकतं. शिवाय दोघांमधला ताण त्याच्या डोक्यावर बसतो तो वेगळाच.

म्हणून आधी निरोप बंद. स्वतः जाऊन नेहमीच्या आवाजात ‘जेवायला वाढलंय’ म्हणा, एकदाच. उत्तर नाही आलं तर ताट झाकून ठेवा आणि तुम्ही मुलासोबत जेवून घ्या.

बहुतेक घरं इथे डगमगतात, कारण विनवण्या थांबल्या की अबोला आधी वाढतो. इतकी वर्षं लागू पडलेला उपाय चालेनासा झाला की माणूस जास्त जोर लावून बघतो. चाराचे सहा दिवस होतील. सहाव्या दिवशी हातापाया पडलात, तर पुढच्या वेळी सहा दिवस ताणायचं हे ठरूनच जातं.

नेमाने_वाचणारी
यात एक भर. रागात गप्प होणं सरसकट वाईट नाही. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं डोक्यात शिरतच नाही, आणि अंग शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात. तेव्हा थांबावंच. फक्त परत कधी येणार ते सांगून उठायचं: ‘मला आत्ता बोलवत नाही. नऊ वाजता बोलू.’ नऊला आपणहून यायचं ते उठून गेलेल्यानेच, नाहीतर पुन्हा मनधरणी सुरू. मधल्या वेळात गच्चीवर फेऱ्या मारा, भांडी घासा. तोच वाद मनात घोळवत बसलं तर 20 मिनिटं फुकट जातात. हा करार मात्र भांडण नसलेल्या दिवशी करा.

आणि इंदुरातली आपली खोड! रविवारी पोहे-जलेबी आली की अबोला संपला असं सगळ्यांनी समजून घ्यायचं. जलेबी जरूर आणा, पण मुलासमोर दोन वाक्यंही बोला: ‘बुधवारी मी बोलणं टाकलं, ते चुकलं. फीचं काय करायचं ते आज संध्याकाळी ठरवू.’ मुलाने भांडण पाहिलेलं असतं, ते मिटतं कसं हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

लोकमान्यनगर_इंदूर
मुलगा आता स्वतःच दार लावून बसतो. आणि आजोबांचं काय?

समुपदेशक_रामबाग
‘अगदी बाबांवर गेलास’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, त्यानेच शिक्का बसतो. दारावर एकदा टकटक करून ‘आठला चहा करते, तेव्हा ये’ म्हणा. आठला खरोखर चहा करा, आला नाही तरी.

आजोबांना बदलायला जाऊ नका. त्याऐवजी एका कागदावर तीन पिढ्या मांडा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारातून आलेली ही पद्धत आहे: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, भांडणाला नागमोडी रेघ, तुटलेल्या नात्याला मधे तोडलेली रेघ. प्रत्येकाखाली दोन गोष्टी लिहा: राग आला की काय करत, आणि आधी कोण बोलत असे. पुष्कळदा एखादी आत्या किंवा काका सापडतात, जे स्वतःहून पुढे येऊन बोलत. ‘आपल्या घराण्यात’ म्हणायचं झालं तर मुलाला त्यांचं सांगा. पण हा कागद आरोपपत्र म्हणून आजोबांपुढे ठेवू नका, सगळंच फिसकटेल.

सुदामानगर
दोन ठिकाणी हे उपाय पुरणार नाहीत. गप्प राहण्यासोबत झोप, भूक आणि कशातलाही रस दोन आठवडे गेलेला असेल तर तो अबोला नसून नैराश्य असू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 दिवसरात्र चालू असतो, इथे एमवाय रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. आणि अबोल्याच्या जोडीला घरखर्च बंद करणं, धमकी किंवा मारहाण असेल, तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात ते सगळं येतं. तिथे नऊ वाजेपर्यंत थांबायचं नाही, महिला मदतवाहिनीचा 181 लावायचा.