नवरा-बायकोच्या विनोदी प्रेमपटात मध्यंतरानंतर कथा का ढेपाळते?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. गेले आठ महिने मी एका विनोदी प्रेमपटाची पटकथा लिहीत आहे. तिच्यातील नायक-नायिकेच्या लग्नाला बारा वर्षे झालेली आहेत. त्यामुळे ‘ही दोघे एकत्र येतील का’ हा अशा चित्रपटाचा नेहमीचा प्रश्न माझ्या हाती नाही, आणि माझी अडचण बहुधा तिथूनच सुरू होते.

कथा थोडक्यात अशी आहे. अनघा आणि सुहास यांची मुलुंडमधली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. घर दोघांच्या नावावर आहे. मारझोड नाही, व्यसन नाही, मोठे भांडणही नाही. केवळ एकमेकांचा कंटाळा आल्यामुळे दोघांनी समंजसपणे वेगळे व्हायचे ठरवले आहे. परंतु बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात दोन बिऱ्हाडे होत नाहीत, म्हणून नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत दोघे ठाण्याला एका वन-रूम-किचनमध्ये राहायला जातात आणि हा निर्णय दोन्हीकडच्या मंडळींपासून लपवून ठेवतात. पूर्वार्ध या लपवालपवीवर चालतो. सासूबाई न कळवता मुक्कामाला येतात तेव्हा स्वयंपाकघरातली सुहासची गादी गुंडाळावी लागते, फ्रिजच्या कप्प्यांवर चिकटवलेल्या दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या घाईघाईने खरवडाव्या लागतात, वगैरे. घरी वाचन केले तेव्हा ऐकणारे इथपर्यंत मनापासून हसले.

मध्यंतराला अनघाचा कॉलेजातला मित्र ऑस्ट्रेलियाहून येतो. आधी सुहासचा गैरसमज होतो, मग अनघाचा होतो, आणि ती मित्राबरोबर परदेशी निघाली आहे असे वाटून सुहास विमानतळाकडे धावत सुटतो. वाचन संपल्यावर माझी मावशी म्हणाली, “अरे, बारा वर्षांचा संसार, आणि त्याला एक फोन करून विचारता येत नाही?” मला उत्तर देता आले नाही. गैरसमज काढून टाकला तर उत्तरार्धाचा कणा कशाचा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिसरी घंटा

आपल्या मावशींनी एका वाक्यात जे सांगितले त्यावर मी चार परिच्छेद लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझी वीस वर्षे प्रायोगिक नाटकांच्या तालमींत गेली, त्यामुळे उदाहरण नाटकाचेच सुचते.

नवरा-बायकोच्या गैरसमजाचे आपल्याकडचे सर्वांत पक्के यंत्र गोविंद बल्लाळ देवलांनी बांधलेले आहे. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये मूर्च्छित पडलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका पाहते, रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलून न्याहाळते आणि ते फाल्गुनराव पाहतो. दोघांनी जे पाहिले ते खरोखर घडलेले आहे, चुकला आहे तो फक्त अर्थ. शिवाय संशय हा फाल्गुनरावाचा पिंडच असल्यामुळे ‘याने विचारले का नाही’ असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येत नाही. विचारले असते तरी त्याने उत्तरावर विश्वास ठेवला नसता. आपला सुहास मात्र तासभर शांत, थोडा आळशी आणि बऱ्यापैकी समजूतदार गृहस्थ आहे. मध्यंतराचा दिवा लागताच तो फाल्गुनराव कसा होईल? आणखी एक गोष्ट विसरू नये. देवलांच्या नाटकात शेवटी जमते ते अश्विनशेट आणि रेवतीचे. नवरा-बायकोचा संशय फिटतो, पण फाल्गुनरावाचा स्वभाव पालटला अशी हमी कोणी देत नाही. म्हणजे प्रेमकथा एका जोडप्याची आणि गोंधळ दुसऱ्या जोडप्याचा, अशी ती विभागणी आहे. आपल्याला दोन्ही कामे एकाच जोडप्याकडून करून घ्यायची आहेत, म्हणून ते यंत्र उसने आणून चालणार नाही.

माझ्या मते, प्रेम जुळण्याच्या कथेत हसू येते ते एकमेकांची माहिती नसल्यामुळे, आणि संसाराच्या कथेत हसू येते ते माहिती अति झाल्यामुळे. ‘मला काही नको’ असे अनघा हॉटेलात म्हणाली की तिच्यासाठी चमचा मागवायचा, हे सुहासला ठाऊक असते. सुहासचे वाक्य ‘खरं सांगू का’ने सुरू झाले की पुढचे खोटे असणार, हे अनघाला ठाऊक असते. आपला पूर्वार्ध याच माहितीवर चालतो, म्हणून तो रंगतो. सासूबाईंसमोर दोघे एक शब्द न बोलता एकमेकांना सावरून घेतात ते बारा वर्षांच्या सरावामुळे. उत्तरार्धात आपण हे भांडवल फेकून देऊन दोघांना अचानक अनोळखी करून टाकले आहे. अडथळा त्याच माहितीतून काढावा. प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल पुरती खात्री आहे, आणि मोक्याच्या एका क्षणी ती खात्री चुकते, एवढ्यावर उत्तरार्ध उभा राहू शकतो.

एक दृश्य सुचवतो, आवडले तर घ्यावे. ही दोघे ठाण्याहून एकाच लोकलने कामाला जात असतील, तर रोज फलाटावर त्यांची ताटातूट होते, कारण ती लेडीज डब्यात चढते आणि तो जनरलमध्ये. मुंबईतली हजारो जोडपी रोज एका गाडीने जातात आणि प्रवास मात्र वेगळा करतात. पूर्वार्धात हे नुसते दाखवून सोडून द्यावे. पुढे केव्हातरी गाडी दोन स्थानकांच्या मध्ये अर्धा तास खोळंबेल, तेव्हा दोन डब्यांतून ती दोघे फोनवर जे बोलतील ते त्या एका खोलीत कधीच बोलू शकली नसती.

कात्री आणि डिंक

मी संकलक आहे, त्यामुळे माझे मत टेबलावरचे आहे. वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण नुसत्या स्वभावावर साठ मिनिटे ओढली जात नाहीत. प्रेक्षकाला कुठेतरी तारीख दिसावी लागते.

हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९४९ या काळात अशा चित्रपटांची एक परंपराच होती, ज्यांत विभक्त झालेले किंवा होऊ घातलेले जोडपे पुन्हा एकमेकांकडे वळते. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ साली त्यांतल्या सात चित्रपटांवर पुस्तक लिहिले आणि या प्रकाराला पुनर्विवाहाची सुखात्मिका म्हटले. त्यांपैकी लिओ मॅकॅरी यांचा ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) आपण रचनेसाठी पाहावा. न्यायालय घटस्फोट मंजूर करते, पण तो नव्वद दिवसांनी अंतिम होणार असतो, आणि शेवटचे दृश्य त्याच मुदतीच्या शेवटच्या रात्री घडते. कुत्रा कोणाकडे राहणार, यावरूनही कोर्टात रस्सीखेच होते आणि पुढे त्याला भेटण्याच्या निमित्ताने नवरा घरी येत राहतो. मुदत प्रेक्षकाला आधीच माहीत असल्यामुळे मधल्या फुटकळ प्रसंगांनाही ओढ मिळते. संशय त्या चित्रपटातही आहे, परंतु तो सुरुवातीलाच उरकून घेतलेला आहे. आपण तोच मध्यंतरापर्यंत राखून ठेवला, ही चूक मला मोठी वाटते.

मध्यंतराबद्दलही थोडे लिहितो. आपल्याकडे मध्यंतर असल्यामुळे लेखकाला चित्रपट दोनदा सुरू करावा लागतो. बाहेर जाऊन समोसा खाऊन आलेल्या माणसाच्या हाती नवा प्रश्न द्यावा लागतो. नुसते नवे पात्र देऊन भागत नाही. पूर्वार्धाचा प्रश्न ‘हे पकडले जातील का’ असा असेल, तर मध्यंतराला ती दोघे पकडलीच जावीत. सासूबाईंना सगळे कळावे आणि त्यांनी अजिबात न रडता, “बरं झालं, दोघंही मोकळे व्हाल,” असे म्हणावे. लपवायला काही उरले नाही की दोघांचे एकत्र वागण्याचे कारणही संपते, आणि त्यानंतरही ती दोघे एकमेकांना सांभाळत राहिली तर ते का, हा उत्तरार्धाचा प्रश्न होतो. मित्राला काढू नका, त्याला पंचविसाव्या पानावर आणा आणि चाळिसाव्या पानावर परत पाठवा. विमानतळ मात्र काढा. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

वांद्रे पूर्व

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. पटकथेतले मला फारसे कळत नाही, परंतु मुदतीचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते, कारण आपला कायदा आपल्या कथेला त्या नव्वद दिवसांपेक्षाही जास्त उपयोगी पडेल.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. अर्ज करण्यापूर्वी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्जानंतर सहा महिन्यांनी, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन आपली इच्छा कायम असल्याचे सांगायचे असते. योग्य परिस्थितीत हे सहा महिने माफ होऊ शकतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, तेव्हा ‘आमच्या बाबतीत माफ झाले नाहीत’ असे एक वाक्य संवादात घालावे, म्हणजे आमच्यासारखे प्रेक्षक चुळबुळ करणार नाहीत.

आपल्याला खरा लाभ पुढच्या दोन मुद्द्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या एका निकालानुसार ‘वेगळे राहणे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. परिस्थितीमुळे दोघे एकाच छपराखाली असली तरी ती कायद्याने वेगळी राहत असू शकतात. त्यामुळे वन-रूम-किचनमधली आपली कल्पना कायद्यात बसते, फक्त ती सिद्ध करताना दोघांची तारांबळ उडेल. त्याच निकालात असेही म्हटले आहे की हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही एकटा आपली संमती मागे घेऊ शकतो. आणखी एक बाब अशी की १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून न्यायाधीशांसमोर आणि विवाह समुपदेशकांसमोर अनघा आणि सुहास यांना स्वतःच्या तोंडाने बोलायला लावता येईल. चित्रपटांत आम्हा वकिलांना उगाच फार लांब भाषणे दिली जातात.

डोंबिवली फास्ट

सूचना चांगल्या आहेत, परंतु याचा कोर्टपट होऊ देऊ नये ही विनंती. समुपदेशकाचे एक दृश्य आणि शेवटची तारीख, एवढे कोर्ट पुरे. दुसरे असे की अनघा आणि सुहास काय काम करतात हे आपण कुठेच लिहिलेले नाही. ज्यांना पगार आणि वरिष्ठ नाहीत त्यांचा कंटाळा खोटा वाटतो.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून उत्तरार्धाचा आराखडा नव्याने केला आहे.

सुहास विम्याच्या दाव्यांची तपासणी करतो आणि अनघा एका शाळेत गणित शिकवते. हे माझ्या वहीत होते, पटकथेत आलेच नव्हते. मित्र आता पहिल्या अर्ध्या तासात येऊन जातो आणि सुहास त्याला स्वतः स्टेशनवर सोडायला जातो, कारण त्याला काळजी करण्यासारखे काही वाटतच नाही. अनघाला राग येतो तो याचाच. मध्यंतराला सासूबाईंना सर्व कळते. त्यानंतर समुपदेशकांसमोर दोघे एकच पत्ता सांगतात, आणि आपण खरोखर वेगळे राहतो हे पटवून देण्यासाठी फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो दाखवतात. फोटोत तिच्या कप्प्यात त्याच्या आवडीचे लोणचे दिसते. समुपदेशक बाई काही बोलत नाहीत, फक्त फोटो मोठा करून पाहतात.

शेवटी तिसरी घंटा यांची ‘चुकलेली खात्री’ आणि वांद्रे पूर्व यांचा ‘एकट्याने संमती मागे घेण्याचा’ मुद्दा मी एकत्र बांधला आहे. एकदा घेतलेला निर्णय अनघा कधीच बदलत नाही अशी सुहासची खात्री आहे, आणि सुहास स्वतःहून कधीच काही मागत नाही अशी अनघाची खात्री आहे. त्यामुळे दोघांनाही नको असलेला घटस्फोट केवळ एकमेकांच्या भिडेखातर दुसऱ्या तारखेपर्यंत येऊन पोहोचतो. ‘इच्छा कायम आहे का’ असे विचारल्यावर सुहास सुरुवात करतो, “खरं सांगू का...” आणि अनघा त्याला तिथेच थांबवते, कारण पुढे तो काय बोलणार हे तिला ठाऊक आहे. या वेळी ते खोटे नाही, हे तिला कसे कळावे, एवढाच धागा अजून सुटलेला नाही. लोकलमधला फोन त्याच्या आधी ठेवावा की नंतर, यावर विचार चालू आहे. आधी ठेवला तर कोर्टात बोलायला काही उरत नाही अशी भीती वाटते.

तिसरी घंटा

आधीच ठेवावा, पण ऐन महत्त्वाच्या वाक्याला फोन कट व्हावा आणि गाडी सुटावी. राहिलेले वाक्य तो कोर्टात पूर्ण करील. पहिला अर्धा भाग तिने ऐकलेला असल्यामुळे ते खोटे नाही हे तिला आपोआप कळेल.

मुलुंडकर

हे चालेल असे वाटते. येत्या रविवारी मावशीला नवा खर्डा वाचून दाखवायला परळला जाणार आहे, मेगाब्लॉक नसेल तर.