नव्या कन्सोलवर जुन्या डिस्क चालल्या पाहिजेत की नाही?

काळी माती (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नागपूरला नोकरी करणारा माझा पुतण्या दिवाळीला गावी येताना नवा गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, घेऊन आला. आमच्या घरी धान्याच्या कोठीजवळच्या लोखंडी पेटीत त्याच कंपनीच्या जुन्या यंत्राच्या तेवीस डिस्क कव्हरसकट जपून ठेवलेल्या आहेत. मी आणि माझ्या भावाने त्या शाळा-कॉलेजच्या दिवसांत अमरावतीहून एकेक करून आणल्या होत्या, आणि प्रत्येकीमागे काही महिन्यांची बचत होती. पुतण्याने त्यांतली क्रिकेटची डिस्क उचलून नव्या यंत्रात घातली, तेव्हा ती चालणार नाही असा संदेश टीव्हीवर आला. डिस्कवर एक ओरखडाही नव्हता आणि यंत्र तर आठवडाभरापूर्वीच घेतलेले होते.

माझे म्हणणे असे आहे की, एखादी कंपनी त्याच नावाने पुढची पिढी बाजारात आणत असेल, तर मागच्या पिढीच्या विकत घेतलेल्या डिस्क नव्या यंत्रावर चालवण्याची जबाबदारी तिने घेतली पाहिजे. हे अशक्य नाही, याला इतिहास साक्षी आहे. २००० साली आलेल्या सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालत, कारण पहिल्या यंत्राचा प्रोसेसरच दुसऱ्यात इतर कामांसाठी बसवलेला होता. २००१ च्या निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रामध्ये जुन्या गेम बॉयच्या कॅसेट बसत आणि चालत. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे चार हजारांहून अधिक गेम चालतात, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ वर आधीच्या स्विचचे बहुतेक गेम चालतात. म्हणजे कंपन्यांना हे जमते. मग एका पिढीपुरतेच का जमावे, त्याआधीच्या ग्राहकाने काय गुन्हा केला आहे?

सर्किट (हिंगणघाट)

काळी माती भाऊ, आपली तळमळ मला समजते, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. मी हिंगणघाटला टीव्ही, डीव्हीडी प्लेअर आणि गेमची यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे या यंत्रांच्या आत काय असते ते रोज पाहतो.

आपण प्लेस्टेशन २ चे उदाहरण दिले, पण त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्राचे दिले नाही, आणि खरा धडा तिथेच आहे. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत जुने गेम चालावेत म्हणून प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप ही दोन्ही प्रत्यक्ष बसवलेली होती. एका डब्यात दोन यंत्रे भरल्यासारखेच ते होते. ६० जीबीचे मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला विकले जात होते, आणि त्या किमतीवरून कंपनीला जी टीका सहन करावी लागली ती गेम खेळणाऱ्या पिढीला आजही आठवते. २००७ मध्ये युरोपात आलेल्या मॉडेलातून मुख्य प्रोसेसर काढला गेला, आणि त्याच वर्षीच्या ४० जीबीच्या मॉडेलात प्लेस्टेशन २ चे गेम चालवण्याची सोयच उरली नाही, पण ते मॉडेल ३९९ डॉलरला मिळू लागले. जुन्या गेमची सोय हेच किंमत उतरण्याचे एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही, परंतु पैसे वाचवायची वेळ येते तेव्हा पहिली कात्री याच सोयीवर चालते, कारण ती सर्वांना हवी असते आणि वापरणारे मात्र थोडे असतात.

दुसरी गोष्ट डिस्क वाचण्याची. पहिल्या प्लेस्टेशनचे गेम सीडीवर होते, प्लेस्टेशन २ चेही काही गेम सीडीवर आले, आणि प्लेस्टेशन ४ व ५ सीडी वाचतच नाहीत. तेव्हा केवळ सॉफ्टवेअर बदलून आपली पूर्ण मागणी भागणार नाही.

तिसरी गोष्ट बोलायला कडू आहे. आपल्या भागात त्या काळी बाजारातून घरोघरी गेलेल्या डिस्कपैकी माझ्या दुकानात जेवढ्या आल्या, त्यांतल्या बहुतेक नकली होत्या आणि नकली डिस्क चालाव्यात म्हणून वेगळी चिप बसवलेल्या यंत्रांवरच चालत. आपल्या डिस्क कव्हरसकट अस्सल असतील, यात मला शंका नाही. पण उद्या कंपनीने सोय दिलीच, तरी आपल्या तालुक्यातल्या फारच थोड्या पेट्यांना तिचा उपयोग होईल.

पैनगंगा (पुसद)

मी गावच्या वाचनालयाचे काम पाहते, म्हणून या प्रश्नाकडे जपणुकीच्या बाजूने पाहते. सर्किट भाऊंचा खर्चाचा मुद्दा खरा आहे, परंतु प्रश्न फक्त सोयीचा नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज दुकानात विकत मिळत नाहीत. पुस्तकांचे एवढे प्रमाण छपाईबाहेर गेले, तर जुनी प्रत निदान वाचनालयाच्या कपाटात हाती लागते आणि तिला वाचायला डोळे पुरतात. गेमची प्रत हाती असूनही यंत्राविना ती मुकी असते.

आपल्या देशाच्या बाबतीत हे अधिक दुखणारे आहे. २००९ च्या सुमारास प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेले थोडे गेम आले होते. हनुमान: बॉय वॉरियर हा हैदराबादच्या कंपनीने केलेला गेम त्यांपैकी एक, आणि देसी अड्डा हा विटीदांडू, कबड्डी, पतंग अशा आपल्या खेळांचा दुसरा. गेम म्हणून ते फार उत्तम होते असा माझा दावा नाही. पण विटीदांडूचा कन्सोलवरचा गेम आपल्या लोकांनी केला, ही नोंद राहावी असे मला मनापासून वाटते. त्यांच्या डिस्क आजच्या कोणत्याही प्लेस्टेशनवर चालत नाहीत, आणि त्यांची नवी आवृत्ती काढण्यात कोणाला नफा दिसेल, असेही मला वाटत नाही.

जुने यंत्र जपून ठेवा, हा उपाय फार काळ टिकणारा नाही. आमच्या वाचनालयात मुलांसाठी कोणीतरी दिलेला जुना कन्सोल होता. त्याची लेन्स आधी डिस्क अडखळत वाचू लागली आणि मग वाचेनाशी झाली. नंतर टीव्ही बदलला, तेव्हा नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नव्हती. विजेच्या कमी-जास्त दाबाने त्याचा वीजपुरवठ्याचा भाग दोनदा जळाला तो वेगळाच. अशा यंत्रांची संख्या दरवर्षी घटतच जाणार आहे.

वाशीमकर (सध्या पुणे)

पैनगंगा ताई, जपणूक हवीच, पण ती जबाबदारी नव्या कन्सोलवर टाकणे मला चुकीचे वाटते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो.

नव्या यंत्रात जुनी चिप न बसवता जुना गेम चालवायचा, तर इम्युलेटर लागतो, म्हणजे जुन्या यंत्राचे वागणे हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर. काही यंत्रांची नक्कल सोपी असते, काहींची फार कठीण. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यात एक मुख्य गाभा आणि त्याच्या दिमतीला आठ लहान गाभे होते, ज्यांतला एक उत्पादनात दोष निघाला तरी चालावे म्हणून बंद ठेवलेला असे. प्रत्येक लहान गाभ्याची स्वतःची छोटी स्मृती होती, आणि कोणत्या क्षणी कोणता तुकडा कुठे पाठवायचा याचा हिशेब गेम लिहिणाऱ्यांनी हाताने केलेला होता. तो हिशेब पूर्णपणे वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर वेळ न चुकवता पुन्हा मांडायचा, तर मूळ यंत्रापेक्षा कितीतरी अधिक ताकद लागते. २०१३ चा प्लेस्टेशन ४ साध्या संगणकासारख्या रचनेवर बांधला गेला, आणि म्हणूनच त्यावर तिसऱ्या पिढीच्या डिस्क चालल्या नाहीत. पाचव्यावर चौथ्याचे गेम चालतात, याचे श्रेय मुख्यतः दोघांची रचना एकाच घराण्यातली असण्याला आहे.

यंत्राची अडचण सुटली, तरी परवानगीची उरतेच. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स या कन्सोलने २०१५ पासून जुने गेम नव्या यंत्रावर आणण्याचे मोठे काम केले आणि सहाशेहून अधिक गेम चालते केले, परंतु प्रत्येक गेमसाठी प्रकाशकाची संमती लागत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची मोठी भर घालताना, कायदेशीर, परवान्याच्या आणि तांत्रिक मर्यादांमुळे यापुढे नवे गेम घेता येणार नाहीत, असे कंपनीने सांगितले. गेममधल्या गाण्यांचे हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात. ॲलन वेक हा गेम संगीताच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला आणि हक्क पुन्हा मिळाल्यावर पुढच्या वर्षी परत आला. जी कंपनी बुडाली किंवा जिचे हक्क तीन जणांत वाटले गेले, तिच्या गेमसाठी संमती कोणाकडे मागायची?

म्हणून माझे मत असे की नवा कन्सोल नव्या गेमसाठी असावा, आणि जुन्या गेमची काळजी संग्रहालये, वाचनालये व संगणकावरचे इम्युलेटर यांनी घ्यावी.

काळी माती

वाशीमकर, आपण संमतीचा मुद्दा मांडलात, पण तो नव्याने विकायच्या गेमला लागू पडतो. माझी डिस्क मी आधीच विकत घेतलेली आहे. तिच्यातले गाणे, चित्र आणि आवाज तिच्यावरच आहेत. कंपनीने नवे काही विकू नये, वाटू नये, फक्त माझी डिस्क वाचणारे सॉफ्टवेअर यंत्रात द्यावे, एवढेच मी मागतो आहे. आपण सांगितलेल्या एक्सबॉक्सच्या योजनेत जुनी डिस्क घातली तरी ती फक्त मालकीचा पुरावा ठरते, आणि गेमची बदललेली प्रत इंटरनेटवरून उतरवावी लागते. संमतीची गरज तिथून निर्माण होते. आणि आमच्या गावात मोबाईलच्या टॉवरवर सायंकाळी सगळे गाव एकदम येते, तेव्हा काही जीबीची प्रत उतरवायला रात्र जागावी लागते. डिस्कची किंमत अशा ठिकाणी कळते.

क्लाउडवरून खेळा, म्हणजे गेम कंपनीच्या संगणकावर चालवून इंटरनेटवरून घरच्या टीव्हीवर खेळा (यालाच स्ट्रीमिंग म्हणतात), असे कोणी म्हणेल म्हणून आधीच सांगतो. प्लेस्टेशन ३ चे गेम नव्या यंत्रावर खेळण्यासाठी काही देशांत कंपनीची स्ट्रीमिंगची योजना आहे. भारतात मात्र तिच्या जागी डिलक्स नावाची योजना मिळते, आणि तिच्यात स्ट्रीमिंग नाही. त्या पिढीचे गेम आपल्यासाठी डिस्कनेही नाहीत आणि तारेनेही नाहीत.

संगणकावरच्या इम्युलेटरबद्दल आपले म्हणणे मात्र मला विचार करण्यासारखे वाटले. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे जवळ असलेल्या व्यक्तीला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून दुसरी प्रत करता येते. पण डिस्कवरचे कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक सोय, तोडण्याबाबत २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे त्यात गुन्हा ठरते, आणि कायद्याने मना नसलेल्या कारणासाठी तोडण्यास त्यात सूट आहे. माझ्यासारख्या माणसाने या दोन कलमांच्या मधली वाट स्वतः शोधत बसावी का? जिने कुलूप लावले, त्या कंपनीनेच किल्ली द्यावी हे अधिक सरळ आहे.

संत्रा बाग (वरुड)

मी दोन मुलांचा बाप म्हणून लिहितो. प्लेस्टेशन ५ चे डिस्कचे मॉडेल भारतात ५४,९९० रुपयांना विकले गेले आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे सात क्विंटलपेक्षा जास्त कापूस एका यंत्रात जातो, आणि हमीभाव हातात पडेलच असेही नाही. अशा किमतीत जुन्या गेमच्या सोयीसाठी आणखी हजार रुपये वाढणार असतील, तर मला ती सोय नको. सर्किट भाऊंशी मी सहमत आहे.

पैनगंगा

संत्रा बाग दादा, आपलाच हिशेब पुढे नेते. यंत्र एकदाच घ्यायचे असते, गेम मात्र घेतच राहावे लागतात. जुन्या डिस्क चालल्या तर शेजारच्या, मामाच्या आणि मित्राच्या डिस्क मुलांना आणून देता येतात, वापरलेल्या डिस्क स्वस्तात मिळतात. यंत्राच्या किमतीत थोडी वाढ झाली, तरी वर्षभरात ती डिस्कच्या खर्चातून भरून निघेल. माझी खरी चिंता वेगळी आहे. डिस्कची खाच नसलेली मॉडेले आता वाढत चालली आहेत, आणि २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये तर ती वेगळी विकत घेऊन जोडावी लागते. जिथे सगळी खरेदी कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून होते, तिथे ते दुकान बंद झाले की खरेदीची वाटही बंद होते. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केलीच.

सर्किट

ताईंचा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो. खाच काढून टाकण्यात ग्राहकाचे नुकसान आहे, आणि त्या बाबतीत मी आपल्या सर्वांच्या बाजूने आहे. मात्र तीन पिढ्यांपूर्वीच्या गेमसाठी नव्या यंत्रात चिप घालण्याला माझा विरोध कायम आहे. ज्या गेमची नक्कल केवळ सॉफ्टवेअरने होऊ शकते, म्हणजे पहिल्या दोन प्लेस्टेशनची, त्यांच्या डिस्क जिथे वाचता येतील तिथे चालू द्याव्यात, इतपत मी आलो आहे. प्लेस्टेशन २ चे बरेचसे गेम डीव्हीडीवर आहेत आणि डीव्हीडी तर प्लेस्टेशन ५ वाचतो. त्यामुळे त्या डिस्क न चालण्याला खाच हे कारण नाही, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

काळी माती भाऊ, आपला जुना कन्सोल अजून घरी असेल तर तो हिंगणघाटला घेऊन या. लेन्स बदलता येते, आणि तीन पिनांपासून एचडीएमआय करणारा छोटा डबाही बाजारात मिळतो.

काळी माती

कन्सोल आहे. पुढच्या आठवड्यात कापूस विकायला हिंगणघाटच्या बाजार समितीत यायचेच आहे, तेव्हा तो आणि क्रिकेटची डिस्क सोबत आणतो. आपण डीव्हीडीबद्दल जे मान्य केले, तेवढ्याच एका मागणीचे पत्र मी कंपनीच्या ग्राहक विभागाला मराठीत आणि इंग्रजीत पाठवतो आहे. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी रविवारपर्यंत इथे लिहावे.