मदत हवी आहे: काळ्या पुळणीतलं लोखंड दर वेळी वेगळं येतंय, आणि कमीही

काळी पुळण
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या मालगुंड–काळबादेवी पट्ट्यातल्या काळ्या वाळूतलं एकूण लोखंड काढायचं आहे. प्रयोगशाळा कॉलेजची, त्यामुळे साधनं साधीच: हॉटप्लेट, गॅस बर्नर, ब्युरेट आणि जुना कलरीमीटर.

आतापर्यंतची कृती अशी. वाळू नळाच्या पाण्याने तीनदा धुतली, १०५ अंशांवर तासभर वाळवली आणि बाटलीत भरून ठेवली. त्यातली ०.५ ग्रॅम स्पॅच्युलाने घेतली. २५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दीड तास गरम करून गाळली. गाळलेल्या गरम द्रावणात स्टॅनस क्लोराइड, थंड केल्यावर मर्क्युरिक क्लोराइड, मग सल्फ्युरिक–फॉस्फोरिक मिश्रण. दर्शक बेरियम डायफिनाइलअमाइन सल्फोनेट, आणि अनुमापन ०.१ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटने.

ब्युरेटचे आकडे: २५.०, २८.३, २२.२ मिली. म्हणजे लोखंड २७.९, ३१.६ आणि २४.८ टक्के. याच बाटलीतली वाळू बाहेर तपासून घेतली तर ३८.४ टक्के आलं. एक ग्रॅम मोहर सॉल्टवर (फेरस अमोनियम सल्फेट) डायक्रोमेट तपासलं, २५.५ मिली लागलं. म्हणजे ते बरोबर असावं. गाळणपत्रावर दर वेळी काळा चकचकीत साका उरतो, तो वाळूचाच समजून टाकून देतोय. चूक कुठे आहे?

ब्युरेट
मोहर सॉल्टमध्ये लोखंड १४.२४ टक्के, त्यामुळे एक ग्रॅमला २५.५ मिली हे अगदी बरोबर. डायक्रोमेट आणि अनुमापन दोन्ही निर्दोष, त्यांच्या मागे लागू नका.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही त्यांना एकच समजताय. आकडा कमी येणं हा एक. आकडा उडणं हा दुसरा.

कमी येण्याचं कारण तुम्ही टाकून देताय तो काळा साका. तो क्वार्ट्झ असता तर पांढरा दिसला असता. काळा चकचकीत साका म्हणजे इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. मॅग्नेटाइट (चुंबकी लोहखनिज) गरम हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळतो, पण इल्मेनाइट फार संथपणे, आणि कण जितका जाड तितकं कमी. दीड तासात अख्ख्या वाळूचा दाणा कुठे विरघळणार? शुद्ध इल्मेनाइटमध्ये ३६.८ टक्के लोखंड असतं, ते तुम्ही गाळणपत्रासकट कचऱ्यात टाकताय.

उडण्याचं कारण बाटली. तांदळाचा डबा हलवला की कण्या तळाला जातात, तसंच इथे होतं. काळे दाणे जड, शिंपले आणि क्वार्ट्झ हलके. बाटली एकदा उचलून ठेवली तरी थर पडतात, आणि वरून घेतलेली अर्धा ग्रॅम खालच्या अर्ध्या ग्रॅमसारखी नसते. सगळी वाळू कागदावर ओतून शंकू करा, सपाट करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. २० ग्रॅमपर्यंत असं करत या. मग ते २० ग्रॅम सगळेच्या सगळे दळा. दळण्याआधी स्पॅच्युला लावायचाच नाही.

दळायला अगेटचा (अकीक दगडाचा) खल. लोखंडी खलबत्ता चुकूनही नको, क्वार्ट्झ त्याला खरवडतो आणि खलाचंच लोखंड तुमच्या उत्तरात येतं. २०० मेशच्या (इंचाला २०० छिद्रांच्या) चाळणीतून सगळं गेलं पाहिजे. वर उरलेलं फेकायचं नाही, परत दळायचं, कारण चिवट उरतं ते बहुधा इल्मेनाइटच.

सुरमई
मर्क्युरिक क्लोराइड विषारी आहे. त्यापेक्षा आम्लात झिंकचे दाणे टाकून क्षपण करा, पारा नको न् काही नको.

जांभाचिरा
@सुरमई, साध्या लोहखनिजाला चाललं असतं. या वाळूला नाही. झिंक लोखंडाचं क्षपण करतंच, पण टायटॅनियमलाही तिसऱ्या अवस्थेत आणतं, आणि डायक्रोमेट दोघांनाही मोजतं. हिशोब करून बघा: अर्ध्या ग्रॅममध्ये ४५ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर ते २२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ नॉर्मलचे २८.२ मिली. लोखंड म्हणून वाचलं तर ३१.५ टक्के फुकटची भर! त्यात हवेने थोडं टायटॅनियम वाटेतच परत ऑक्सिडाइज होतं, त्यामुळे भरही दर वेळी वेगळी. द्रावण जांभळट दिसायला लागलं की समजायचं, टायटॅनियम क्षपित झालंय. स्टॅनस क्लोराइड टायटॅनियमला हात लावत नाही, म्हणून इथे तेच बरं. पारा नकोच असेल तर टायटॅनियम ट्रायक्लोराइड आणि सोडियम टंगस्टेट दर्शकाची पद्धत आहे: निळा रंग आला की क्षपण झालं, विरल डायक्रोमेटच्या थेंबांनी तो निळा घालवायचा आणि तिथून ब्युरेट वाचायला सुरुवात.

आणखी एक. शिंपल्याचा चुरा विसरू नका. तो लोखंड देत नाही पण वजन देतो. पाच टक्के ॲसेटिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. शेवटच्या धुवणाला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं यायचं थांबलं की मीठ गेलं. नळाच्या पाण्याने धुतलं तर ही चाचणी कधीच थांबणार नाही, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. शिंपला काढला की टक्केवारी धुतलेल्या वाळूची होते, मूळ वाळूची नाही. अहवालात तसं लिहा, आणि बाहेरचा आकडा कोणत्या वाळूचा ते विचारून घ्या. नाहीतर दोन बरोबर आकडे भांडत बसतील.

चिमटा-मूस
आता इल्मेनाइट उघडण्याचं. आम्लाने वेळ घालवण्यापेक्षा सरळ पोटॅशियम पायरोसल्फेटबरोबर वितळवा. दळलेला नमुना ०.५ ग्रॅम, पायरोसल्फेट ५ ग्रॅम, दहापट. सिलिकाची मूस घ्या. पोर्सेलिनची एकदोनदा चालते, पण ग्लेझ खाल्लं जातं. निकेलची अजिबात नको.

पायरोसल्फेट नसेल आणि बायसल्फेट असेल तर ते आधी नुसतंच वितळवून घ्या. त्यात पाणी असतं, नमुन्यावर थेट तापवलं तर ते उडतं आणि नमुना मुशीच्या झाकणाला चिकटतो. फसफस थांबली की थंड करून कुटा आणि लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. जुलैत उघडं ठेवलंत तर तासाभरात ओलं चिंब होतं.

सुरुवात मंद ज्योतीवर, दहा मिनिटं. मग हळूहळू मंद लाल उष्णतेपर्यंत, वीस ते तीस मिनिटं. मूस चिमट्याने धरून अधूनमधून फिरवत राहा. रस पारदर्शक झाला, तळाला काळा ठिपका दिसेना, की झालं. मध्येच रस घट्ट व्हायला लागला तर पांढरा धूर जास्त निघून गेलाय आणि नुसतं पोटॅशियम सल्फेट उरलंय. अशा वेळी ज्योत वाढवून उपयोग नाही. थंड करा, दोनतीन थेंब तीव्र सल्फ्युरिक टाका, पुन्हा मंदपासून सुरू करा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. थंड होताना मूस तिरकी फिरवा म्हणजे रस भिंतीवर पातळ थरात बसतो आणि लवकर सुटतो.

याच कृतीने नमुन्याशिवाय एक कोरी मूसही चालवा. बाजारच्या बायसल्फेटमध्ये थोडं लोखंड असतं, ते वजा करावं लागतं.

विरघळवण्यासाठी १०० मिली पाण्यात १० मिली तीव्र सल्फ्युरिक (आम्ल पाण्यात, उलटं नाही), वॉटर बाथवर ६०–७० अंश.

काळी पुळण
सगळ्यांचे आभार. चतुर्थांश करून, अगेटमध्ये दळून, वितळवून पाहिलं. आता ३६.० आणि ३७.१ आलंय, म्हणजे बरंच जवळ. पण नवीन त्रास: मुशीतला गोळा लवकर सुटेना म्हणून पाण्यात उकळला, तर सगळं दुधासारखं पांढरं झालं. गाळून पुढे गेलो. गाळणपत्रावर बारीक काळे ठिपकेही आहेत, मोजकेच.

चिमटा-मूस
उकळू नका म्हणून वेगळं लिहायला हवं होतं. कमी आम्लात उकळलं की टायटॅनियमचं जलविघटन होतं आणि पांढरं मेटाटायटॅनिक आम्ल बाहेर पडतं. एकदा पडलं की ते परत आम्लात सहज जात नाही. त्या पांढऱ्याला लोखंड चिकटून राहतं, आणि तुम्ही तेही गाळून टाकलंत. एक टक्का तिथे गेला. काळे ठिपके म्हणजे वितळणं अपुरं. नमुना परत चाळा, आणि रस पारदर्शक दिसल्यावरही पाच मिनिटं जास्त द्या.

ब्युरेट
शिवाय सल्फेटच्या द्रावणात थेट स्टॅनस घालताय का? तिथे फेरिक क्लोराइडचा पिवळा नीट दिसत नाही, त्यामुळे स्टॅनस कधी थांबवायचं ते कळत नाही. द्रावणात दोन ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला, मग वास येईपर्यंत अमोनिया. तपकिरी साका जमला की लगेच गाळा, उशीर नको, टायटॅनियमचा हायड्रॉक्साइड जितका शिळा तितका हट्टी. गरम अमोनियम क्लोराइडच्या विरल पाण्याने तीनचारदा धुवा आणि गाळणपत्रावरच गरम १:१ हायड्रोक्लोरिक घालून त्याच बीकरमध्ये उतरवा.

यापुढे उकळी नाही, वॉच ग्लास झाकून फक्त गरम. जोरात उकळून द्रावण आटवलं तर फेरिक क्लोराइड वाफेबरोबर जातं. स्टॅनस क्लोराइड ५ टक्के, थेंबाथेंबाने. पिवळा गेला की आणखी एक थेंब, फार तर दोन. नळाखाली पटकन थंड करा आणि ५ टक्के मर्क्युरिक क्लोराइड १० मिली एकदम ओता. रेशमासारखा हलका पांढरा साका आला तर ठीक. काहीच आलं नाही तर स्टॅनस कमी पडलं. करडं किंवा काळं झालं तर जास्त पडलं आणि पारा सुटा झाला. दोन्ही वेळा ते टाकायचं, नवीन घ्यायचं. दुरुस्ती होत नाही. दोनतीन मिनिटं थांबून ३०० मिली करा, आम्लमिश्रण आणि दर्शक घालून लगेच अनुमापन.

फॉस्फोरिकने द्रावण किंचित गढूळ होईल, तो टायटॅनियमचा फॉस्फेट. रंगबदल जरा मळका दिसतो, पण आकड्याला धक्का नाही. फॉस्फोरिक वगळू मात्र नका. फेरिकला तेच बांधून ठेवतं, नाहीतर दर्शक आधीच जांभळा होतो आणि आकडा पुन्हा कमी.

काळी पुळण
तीन वेगवेगळ्या मुशी, कोरी मूस वजा करून: ३४.१, ३४.३, ३४.२ मिली. म्हणजे ३८.१, ३८.३, ३८.२ टक्के. बाहेरचा आकडाही धुतलेल्या वाळूचाच होता, विचारून घेतलं. टायटॅनियम कलरीमीटरवर काढता येईल का?

जांभाचिरा
येतं. ०.१ ग्रॅम वेगळा वितळवा, १० टक्के सल्फ्युरिकमध्ये २५० मिली करा. त्यातले २५ मिली ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ५ मिली, आणि उरलेली जागा त्याच आम्लाने. पिवळा–नारिंगी रंग ४१० नॅनोमीटरच्या आसपास वाचा, कलरीमीटरला निळा–जांभळा फिल्टर. कोरं म्हणून पाणी नको, हेच द्रावण पेरॉक्साइडशिवाय घ्या, म्हणजे लोखंडाचा पिवळा वजा होतो. प्रमाणद्रावण शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइडचं, तेही पायरोसल्फेटमधूनच वितळवून. फ्लोराइड लागलेलं भांडं वापरलंत तर रंग उडतो. व्हॅनेडियमही पेरॉक्साइडबरोबर रंग देतं. पेरॉक्साइडची बाटली जुनी असेल तर ती फेकाच.

काळी पुळण
टायटॅनियम डायऑक्साइड ३४.० टक्के आलं. यावरून खनिजांची वाटणी करता येईल?

जांभाचिरा
कागदावर येईल. इल्मेनाइटमध्ये ५२.७ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणून ३४ भागिले ०.५२७, साधारण ६४.५ टक्के इल्मेनाइट. त्यातलं लोखंड २३.७. उरलेलं १४.५ मॅग्नेटाइटचं धरलं (त्यात ७२.४ टक्के लोखंड) तर मॅग्नेटाइट २० टक्के. एकूण ८४.५, बाकी क्वार्ट्झ आणि सिलिकेट. तुमचे पहिले २४.८ ते ३१.६ याच्याशी जुळतात: मॅग्नेटाइटचे १४.५ सगळे विरघळले आणि वर इल्मेनाइटचा कमीजास्त वाटा.

पण हे अहवालात ‘खनिजप्रमाण’ म्हणून लिहू नका. आपल्याकडची काळी वाळू दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेली, इथल्या मॅग्नेटाइटमध्ये स्वतःचंही टायटॅनियम असतं. साधा चुंबक कागदाखाली फिरवून चुंबकी भाग वेगळा करा आणि त्याचं लोखंड व टायटॅनियम स्वतंत्र काढा, मग बोला.

सुरमई
यात सोनं बघायला (वितळवून ते शिशात गोळा करायचं) फायर अ‍ॅसे करावं का?

चिमटा-मूस
बेसॉल्टच्या वाळूत त्यासाठी लिथार्ज (शिशाचं ऑक्साइड) खर्च करू नका. करायचंच झालं तर लक्षात ठेवा, मॅग्नेटाइट मुशीत पीठ (लिथार्जमधून शिसं पाडायला घालतात ते) खातो. एक ग्रॅम पिठाने एरवी दहाबारा ग्रॅम शिसं पडतं, इथे कमी पडेल. पीठ आणि सिलिका दोन्ही वाढवावी लागतात, नाहीतर शिशाची गोळी छोटी येते आणि स्लॅग (वितळलेली मळी) चिकट.

काळी पुळण
शेवटचं: अनुमापन झालेलं पाऱ्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नये हे कळतंय, मग करायचं काय?

ब्युरेट
प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा, कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा. कॅन भरला की फ्यूम हूडखाली सोडियम हायड्रॉक्साइडने आम्ल मारा, पीएच ८–९ झाल्यावरच सोडियम सल्फाइड. आम्लात घातलंत तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो वायू पाऱ्यापेक्षा आधी गाठतो. काळा साका बसू द्या, वरचं पाणी सल्फाइडच्या थेंबाने पुन्हा तपासा. साका कोरडा करून धोकादायक कचऱ्याच्या डब्यात. आवारातल्या विहिरीजवळच्या खड्ड्यात नाही. जांभ्यातून पाणी कुठे झिरपतं ते कुणालाच दिसत नाही.