उंबरठ्यापासून विमानापर्यंत: तुमचा खरा हिशेब लिहा

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून गावात जो तो विचारतो, "किती वेळ लागते?" तिकिटावर पावणेदोन तास दिसतात. पण आपला प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. घराला कुलूप लावल्यापासूनचा हिशेब लिहा. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून जाणाऱ्यांनीही लिहा. आलेले हिशेब असे:

धारणीहून
बाबांना मणक्याच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. धारणी ते अमरावती दीडशेच्या आसपास किलोमीटर, मधे मेळघाटचा घाट. दर वळणावर बाबा सीट घट्ट धरायचे, दोनदा गाडी थांबवली. साडेचार तास गेले. विमानात मात्र ते डोळे मिटून शांत बसले. उतरताना म्हणाले, "घाटापेक्षा हे सोपं हाये रे." बडनेऱ्याहून रेल्वेनं अकराएक तास लागतात, तेवढं त्यांना बसवलंच नसतं. पैसे गेले, पण वसूल झाले. आता घाटाचा रस्ता नीट करा, एवढंच मागणं आहे.

चांदूर बाजारहून
आमच्या तालुक्यातही एक बेलोरा आहे! गाडीवाल्याला नुसतं 'बेलोरा' सांगू नका, 'बडनेऱ्याजवळचं, यवतमाळ रोडचं' म्हणा. आमचा अर्धा तास त्यातच गेला.

दर्यापूरहून
मी भूगोल शिकवत होतो, म्हणून अंतर काढून पाहिलं. बेलोरा ते मुंबई सरळ रेषेत साधारण ५४० किलोमीटर. एटीआर-७२ हे पंख्याचं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे तास-सव्वा तासात पोचायला हवं. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, मुंबईवर उतरायला नंबर लागेपर्यंत घिरट्या, सगळं त्यात धरलेलं असतं. पोरांना हे गणित जरूर घालावं.

आमगावहून
बिरसीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, दुसऱ्या महायुद्धातली. लहानपणापासून शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावर फिरताना पाहिली, पण इथून आपण विमानात बसू असं वाटलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. ताई तिकडे बाळंत झाली, म्हणून आईला घेऊन निघालो. सरळ रेषेत पाचशेच्या वर किलोमीटर, पण दीड तासाच्या आसपास उडालो. या विमानाला मागच्या दारानं चढतात आणि पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. धानाच्या बांध्या, मधेमधे चकाकणाऱ्या बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. आई काचेला कपाळ टेकवून होती. "आपली बोडी कोणती रे?" असं तिनं तीनदा विचारलं. मलाही ओळखता आली नाही.

रेल्वेनं रात्र जायची, सोबतचा जेवणाचा डबा सकाळी वास मारायचा. त्या दिवशी ताईच्या घरी आईनं फडकं सोडलं तेव्हा पोळ्या अजून मऊ होत्या.