मिनेसोटात मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची बोट: १४ फुटी की १६ फुटी, आणि इंजिन किती एचपीचं?

तळ्याकाठी:
नमस्कार मंडळी. मुक्काम मिनिआपोलिसच्या पश्चिमेला. पुढच्या मोसमाआधी वापरलेली ॲल्युमिनियमची बोट घ्यायची आहे. माणसं तीन, त्यात ८ वर्षांची मुलगी. कधीतरी चौथा पाहुणा. एरवी आसपासची छोटी तळी, पण उन्हाळ्यात अधूनमधून वॉलआय माशासाठी मिल लॅक्स तळ्यावर जायचा बेत आहे. गाडी टोयोटा रॅव्ह-४, ओढायची मर्यादा १,५०० पौंड.

दोन बोटी पाहून ठेवल्यात. एक १४ फुटी सपाट तळाची जॉन बोट, १५ एचपी इंजिनासकट. दुसरी १६ फुटी व्ही तळाची, रिव्हेटची, टिलरवर (इंजिनाचा दांडा हातात धरून वळवायची) चालणारी, इंजिन नाही. तिचा ट्रान्सम (मागची भिंत, जिथे इंजिन बसतं) मधोमध २० इंच उंच आणि ५ फूट रुंद भरला. विकणारा म्हणतो २५ एचपी पुरे, एक दुकानदार म्हणतो ६० सुद्धा बसेल. दोघांत एवढा फरक कसा? शिवाय रिव्हेटची सोडून वेल्डिंगचीच शोधावी का?

वल्हेकरी:
मिल लॅक्स बेतात असेल तर जॉन बोट नको. ते तळं १,३२,००० एकरांचं आणि सगळ्यात खोल जागी जेमतेम ४२ फूट. इतक्या पसरट, उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. सपाट तळ त्यांच्यावर आपटत जातो आणि बुटक्या कडांवरून पाणी आत येतं. शांत छोट्या तळ्यात हीच बोट मजेत चालते, तिथे ती व्हीपेक्षा कमी डुलतेही. पण मुलीला घेऊन मोठ्या पाण्यात जायचं तर १६ फुटी व्हीच घ्या.

आता एचपी. बोटीच्या आत, बहुधा ट्रान्समवर किंवा सुकाणूजवळ, क्षमतेची पाटी असते: माणसं किती, एकूण वजन किती, इंजिन जास्तीत जास्त किती एचपीचं. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या, २० फुटांखालच्या अशा बोटींना अमेरिकेत ती बंधनकारक आहे. आकडा येतो बोटीच्या लांबी-रुंदीतून. लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी, दोन्ही फुटांत: तुमच्या बाबतीत १६ × ५ = ८०. कन्सोलवर स्टिअरिंग आणि ट्रान्सम किमान २० इंच असेल तर दुप्पट करून ९० वजा, म्हणजे ७०. टिलर असेल तर ०.८ ने गुणून २५ वजा, म्हणजे ३९, तो ५ च्या पटीत वर नेऊन ४०. तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे कडक कोपरा असलेल्या सपाट तळाला टिलर असेल तर ०.५ ने गुणून १५ वजा, म्हणजे २५. दुकानदार बहुधा कन्सोलचा हिशोब सांगतोय. टिलरला मर्यादा कमी का, तर हात निसटला तर इंजिन झटक्यात वळतं आणि माणूस बाहेर फेकला जातो. शेवटी पाटीवर जे छापलंय ते खरं. हे गणित पाटी पुसट झाली असेल तर ताळा म्हणून वापरा.

४० ही झाली कमाल. किती लागेल ते वजनावरून काढा. नुसती बोट १६० किलो, २५ एचपीचं इंजिन ६५, सहा गॅलनची भरलेली टाकी २०, बॅटरी २५, तीन माणसं २३०, नांगर-गळ-जाळी ३०. एकूण ५३०. बोट पाण्यावर उठून धावायला एका एचपीमागे साधारण ११ ते १८ किलोपर्यंतचा भार चालतो. २५ एचपीला २१ किलो पडतात, म्हणजे दोघे असाल तर उठेल, तिघे असाल तर रडतखडत. ३० ला १७.७. चाळिशीचं इंजिन जास्त जड असतं, तरी १४ च येतात. १५ एचपीवर मात्र ही बोट तिघांना घेऊन उठणारच नाही, नुसती नाळ (पुढचं टोक) वर करून पाणी ढकलत राहील.

माझं मत ३०. पुष्कळदा २५ आणि ३० एकाच ब्लॉकवर बांधलेले असतात (मर्क्युरीचे दोन्ही ५२६ सीसीचे, तीन सिलिंडरचे), मग वजन तेवढंच राहतं.

ट्रेलर १७० किलोचा धरला तर माणसांशिवाय सगळं मिळून ४७० किलो, म्हणजे १,०३५ पौंडांच्या आसपास. रॅव्ह-४ ला हे झेपतं. काचवाली कन्सोल बोट आणि ६० एचपी घेतलं तर मर्यादा ओलांडाल, तो विचार सोडा. वॉलआयसाठी टिलरच सोयीचा, रिव्हर्समध्ये हळूहळू मागे सरकत गळ खेळवता येतो.

रिव्हेटवाला:
वेल्डिंगसाठी अडून बसू नका. वेल्डिंगच्या बोटीचा पत्रा सहसा जाड असतो, म्हणून ती जड आणि महाग. आणि शिवणीला तडा गेला तर टिग वेल्डिंगवाला (ॲल्युमिनियम जोडणारा कारागीर) गाठावा लागतो. रिव्हेट गळला तर घरी ठोकता येतो: एकाने बाहेरून जड लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडी. नवा लावायचाच तर भरीव किंवा बंद टोकाचा, ॲल्युमिनियमचाच, आणि सागरी सीलंटमध्ये बुडवून. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पॉप रिव्हेट पोकळ असतो, त्याच्या मधूनच पाणी येतं.

गळती बघायला बोट पाण्यात न्यायला नको. ट्रेलरवरच पाणी सोडायच्या भोकाचं बूच लावा, आत चार-पाच इंच पाणी सोडा आणि खालून बघा. जिथे थेंब धरतो तिथे खडूने खूण करा. जास्त भरू नका, १,००० लिटर म्हणजे एक टन, ट्रेलर मोडेल.

खरी भीती ट्रान्समची. आत बहुधा दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं आणि ते बोल्टच्या भोकांतून कुजतं. ट्रान्समचा माथा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. पत्रा लवला किंवा बोल्टभोवती तडे दिसले तर लाकूड गेलं. एखादा बोल्ट काढून भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसा: काळा, ओला भुगा आला तर किमतीत पूर्ण ट्रान्समचा खर्च धरा. बदलताना प्रेशर-ट्रीटेड लाकूड कधीही घालू नका. त्यातलं तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं, काही वर्षांत पत्र्याला भोकं पडतात. मरीन प्लायवूड आणा, कडा आणि भोकं धरून इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. ट्रेलरच्या आडव्या फळ्याही याच कारणासाठी तपासा. ओल्या गालिच्याखाली ट्रीटेड लाकूड असेल तर तळाला तिथेच पांढरे खड्डे पडलेले सापडतात.

फ्लोअरखालचा फोम पाणी पिऊन बसतो, वरून कळत नाही. ट्रकच्या काट्यावर वजन करून घ्या. कंपनीच्या आकड्यापेक्षा ५०-६० किलो जास्त भरलं तर फोम भिजलाय.

पंखा_पिच:
२० इंची ट्रान्समला लाँग शाफ्टचं (लांब पायाचं) इंजिनच लागतं. १५ इंचाचा शॉर्ट लावला तर पंखा (प्रोपेलर) हवा ओढेल. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नका, दोन आरपार बोल्ट घाला आणि भोकात सीलंट भरा.

वापरलेलं इंजिन बघताना ते थंड असतानाच सुरू करायला सांगा. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरमध्ये १० टक्क्यांच्या आत सारखं हवं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक असेल तर इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) गेलाय किंवा वाट तुंबलीय. खालच्या गिअरकेसचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्या. दुधी दिसलं तर सील गेलंय. मिनेसोटात हे फार महाग पडतं, कारण हिवाळ्यात ते पाणी गोठून केस फोडतं. म्हणून गिअर तेल शरद ऋतूतच बदला, वसंतात नाही. आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. नवं तेल खालून पंपाने वर चढवा, वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावा आणि मगच पंप काढा. वॉशर दरवेळी नवे. नंतर इंजिन उभं ठेवा, आतलं पाणी निथळून जातं.

पेट्रोल इथेनॉलविरहित घ्या. मिनेसोटात बऱ्याच पंपांवर ९१ ऑक्टेनचं बोटींसाठी मिळतं. मोसम संपताना स्टॅबिलायझर घालून १० मिनिटं चालवा.

तळ्याकाठी:
ट्रान्सम हलवून पाहिला, घट्ट आहे. पाटीवर ४० एचपी आणि ४ माणसं लिहिलंय. आता २०१५ चं लाँग शाफ्ट ३० एचपी मिळतंय, पंखा सोबत आहे. तो चालेल की दुसरा घेऊ?

पंखा_पिच:
आधी आहे तोच लावा. तिघे बसून, टाकी भरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम वाचा. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची मर्यादा असते, या आकारात बहुधा ५,००० ते ६,०००. तुमचा आकडा ५,५०० च्या वर, पण मर्यादेच्या आत राहिला पाहिजे. ४,८०० वरच अडला तर इंजिनावर ताण पडतोय, पिच (पंखा एका फेरीत जितका पुढे सरकायला हवा ते इंचांतलं अंतर) कमी करा. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, तेव्हा इथे चार इंच कमीचा पंखा लागेल. मर्यादा ओलांडत असेल तर उलट, पिच वाढवा.

वल्हेकरी:
पाण्यात उतरवण्याआधी दोन गोष्टी. १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटखेरीज बुडणाऱ्याकडे फेकायची एक तरंगती गादी लागते, आणि १० वर्षांखालच्या मुलीने बोट चालू असताना जॅकेट घातलेलंच हवं. टिलरची लाल दोरी (ओढली गेली की इंजिन बंद पडतं) मनगटाला बांधा. रस्त्यावरून नेताना बूच काढून ठेवा. झेब्रा शिंपल्यांमुळे इथे तो कायदाच आहे, रॅम्पवरून वर आलात की तिथेच काढा.